पॉइंट आहेत, पण हव्या त्या तारखेला खोली नाही

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी आठ वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. तीन वर्षांपूर्वी आम्ही डिस्ने व्हेकेशन क्लबचे (डीव्हीसी, म्हणजे डिस्नेचा टाइमशेअर; दरवर्षी जमा होणारे पॉइंट देऊन त्यांच्या रिसॉर्टमध्ये राहायचं) १६० पॉइंट रीसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून घेतले. होम रिसॉर्ट, म्हणजे ज्या रिसॉर्टचे पॉइंट आहेत ते, साराटोगा स्प्रिंग्ज. यूज इयर, म्हणजे पॉइंटचं वर्ष, जूनपासूनचं. दरवर्षी मुलांना ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला नेऊ असं ठरवलं होतं, पण झालं भलतंच. नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी असते, तेव्हा जाऊ म्हणून ऑगस्टमध्ये साइट उघडली तर कुठेच खोली नव्हती. नाताळातही तीच गत. एकदा एप्रिलचं बुकिंग मिळालं, तर जायच्या चार दिवस आधी मुलीला ताप आला. बुकिंग रद्द केलं आणि मे संपताना ते पॉइंट गेलेच. ड्यूज, म्हणजे क्लबची वार्षिक वर्गणी, मात्र आम्ही न चुकता भरतोय. नवरा म्हणतो, विकून मोकळे होऊ. परवा एका कंपनीचा फोन आला होता, आधी तीन हजार डॉलर भरा, मग तुम्हाला यातून सोडवतो, असं म्हणत होते. पुढच्या वर्षी मे अखेरीस सासू-सासरे तासगावहून येतायत. सासऱ्यांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे आजवर त्यांचं येणं झालंच नाही. या वेळी बागेची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकून येतील आणि पावसाळ्यानंतरच्या फळछाटणीच्या आत परत जातील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाहेरचं खाणंही त्यांना फारसं चालत नाही. तरी एकदा सगळे मिळून जावं असं फार मनात आहे. हे पॉइंट ठेवायचे की विकायचे? ठेवायचे तर वापरायचे कसे?

उत्तर

सगळ्यात आधी त्या फोनबद्दल. तीन हजार काय, तीन डॉलरही देऊ नका. टाइमशेअरमधून 'सोडवणाऱ्या' आणि आगाऊ पैसे मागणाऱ्या कंपन्यांबद्दल अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन सतत सावध करत असतं. तुमचा करार तर असा आहे की त्याला रीसेल बाजारात गिऱ्हाईक आहे. तुम्ही स्वतः तिथूनच घेतलाय. ज्या वस्तूला विकत घेणारा माणूस उभा आहे, त्यातून सुटायला पैसे कशाला मोजायचे? पुन्हा फोन आला तर नंबर ब्लॉक करा आणि सासू-सासरे आल्यावर त्यांनाही सांगून ठेवा. घरचा फोन दुपारी तेच उचलतील.

आता मुद्द्याचं. विकायचा निर्णय एक वर्ष पुढे ढकला. तुमच्या पत्रातल्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच दिसतं. तुम्ही पॉइंटकडे साठवलेले पैसे म्हणून बघताय. पैसे हवे तेव्हा काढता येतात. हे पॉइंट म्हणजे रांगेत लवकर उभं राहण्याचा हक्क आहे, आणि रांग उघडते त्या सकाळी तुम्ही तिथे नसाल तर त्या हक्काला फारशी किंमत उरत नाही. गणपतीत कोकण रेल्वेचं आरक्षण ज्यांनी काढलंय त्यांना हे जास्त सांगावं लागणार नाही.

डीव्हीसीत आपल्या होम रिसॉर्टचं बुकिंग चेक-इनच्या ११ महिने आधी उघडतं आणि बाकीच्या रिसॉर्टचं ७ महिने आधी. म्हणजे साराटोगावर तुम्हाला इतर रिसॉर्टच्या मालकांपेक्षा चार महिने आधी हात मारता येतो. तुम्ही पॉइंट घेतले तेव्हा पैसे मोजलेत ते मुख्यतः या चार महिन्यांचे. नोव्हेंबरच्या सहलीसाठी ऑगस्टमध्ये शोधायला गेलात तेव्हा ते चार महिने कधीच संपले होते. त्यात नोव्हेंबरचा तो पहिला आठवडा. अधिवेशनासाठी शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी लागली की निम्मी न्यू जर्सी ऑर्लँडोत उतरते, तिकडे त्या आठवड्याला 'जर्सी वीक' असं नावच पडलंय. भरीला नोव्हेंबर-डिसेंबरचे सुरुवातीचे दिवस जुन्या डीव्हीसी मालकांचे लाडके. हवा बरी असते, एपकॉट या डिस्नेच्या पार्कातला खाद्यमहोत्सव चालू असतो, मग नाताळची सजावट लागते. हा आठवडा हवाच असेल तर त्याचं बुकिंग आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला करावं लागतं. पण पुढच्या वर्षी तरी तो आठवडा सोडून द्या असं मी म्हणेन, कारण तोवर सासरे फळछाटणीला तासगावात पोचलेले असतील.

मग कधी? माझं मत ठाम आहे, ऑगस्टचा उत्तरार्ध. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात. दक्षिणेतल्या इतर कित्येक राज्यांचंही तसंच. न्यू जर्सीच्या बहुतेक शाळा मात्र लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आसपास उघडतात. ते मधले तीनेक आठवडे तुमच्या मुलीला सुट्टी असते आणि पार्कातली गर्दी ओसरलेली असते. नाताळ किंवा ईस्टरच्या मानाने रात्रीमागे पॉइंटही बरेच कमी लागतात. (सर्वांत कमी सप्टेंबरात लागतात, पण त्यासाठी शाळा बुडवावी लागेल आणि आजी-आजोबाही तेव्हा निघायच्या तयारीत असतील.) सासऱ्यांच्या दोन छाटण्यांच्या मधोमध बसणारी दुसरी तारीख मला तरी दिसत नाही.

ऑगस्टची अडचण लपवत नाही. उकाडा भयंकर असतो, दमट असतो, आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला विजांसकट पाऊस जवळपास ठरलेला. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा मोसम, त्यामुळे विमानाची तिकिटं बदलता येतील अशीच काढा. सकाळी पार्क, दुपारी खोलीवर, संध्याकाळी झेपेल तसं परत, असा दिवस आखलात तर आजीलाही जमेल आणि धाकट्यालाही. दुपारी परतायला ऐसपैस घर आहे, हाच तर पॉइंटचा फायदा.

आता यूज इयर. तुमचं मोठं नुकसान इथे झालंय, म्हणून हे सावकाश वाचा आणि नवऱ्यालाही वाचायला द्या. तुमचे पॉइंट १ जूनला जमा होतात आणि पुढच्या ३१ मेला संपतात. न वापरलेले पुढच्या वर्षात ढकलायचे, म्हणजे बँक करायचे, तर त्याची मुदत ३१ मेपर्यंत नसते. यूज इयरचे पहिले आठ महिने संपले की ती संपते. तुमच्यासाठी ती तारीख ३१ जानेवारी. फेब्रुवारी उजाडला की त्या वर्षाचे पॉइंट मेपर्यंत वापरायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

म्हणूनच जूनच्या यूज इयरवाल्यांसाठी एप्रिलची सहल धोक्याची. तुम्ही चार दिवस आधी रद्द केलंत तेव्हा बँक करायची मुदत टळून गेली होती. शिवाय चेक-इनला ३० किंवा त्याहून कमी दिवस उरले असताना रद्द केलं की पॉइंट 'होल्डिंग'मध्ये जातात. होल्डिंगमधले पॉइंट जेमतेम ६० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठीच वापरता येतात, बँक करता येत नाहीत. इकडे ६० दिवसांची अट, तिकडे ३१ मेची. मुलीच्या तापात तुम्हाला ते सुचणार तरी कसं? ३१ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं असतं तर पॉइंट होल्डिंगमध्ये न जाता परत आले असते, पण बँकेचं दार तेव्हाही बंदच होतं.

याच्या उलट ऑगस्टची सहल तुमच्या यूज इयरच्या तिसऱ्या महिन्यात पडते. समजा जुलैच्या सुरुवातीला काही कारणाने बेत फिसकटला. तरी त्या वर्षाचे पॉइंट बँक करायला जानेवारीपर्यंत वेळ आहे, आणि आधीच बँक करून आणलेले पॉइंटही पुढच्या मेपर्यंत जिवंत आहेत. फक्त एवढं पक्कं ठेवा की एकदा बँक केलेला पॉइंट दुसऱ्यांदा बँक होत नाही, आणि बँक करणं मागेही घेता येत नाही. पुढच्या वर्षाचे पॉइंट आधीच उचलायचे, म्हणजे बॉरो करायचे, हीसुद्धा सोय आहे, पण तेही एकदा उचलले की सहसा परत ठेवता येत नाहीत. घरात लहान मूल आणि दुखरे गुडघे असताना बॉरो शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

किती पॉइंट लागतील याचा तक्ता डीव्हीसी दरवर्षीचा आधीच जाहीर करते. तो छापून फ्रिजवर लावा. त्यात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या रात्री रविवार ते गुरुवारच्या रात्रींपेक्षा महाग असतात. रविवारी पोचून शुक्रवारी निघालात तर पाच स्वस्त रात्री मिळतात. पहिल्यांदाच जाणाऱ्या आजी-आजोबांना पाच रात्री पुष्कळ झाल्या. दुसरी गोष्ट खोलीच्या प्रकाराची. वन बेडरूमला, म्हणजे झोपायची खोली वेगळी असलेल्या घराला, एकाच खोलीच्या स्टुडिओच्या साधारण दुप्पट पॉइंट लागतात. बरेच जण म्हणतील, मग दोन स्टुडिओ घ्या, तेवढ्याच पॉइंटात दोन खोल्या येतात. एरवी मीही हेच सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत नाही सांगणार. स्टुडिओत मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज, टोस्टर आणि कॉफीचं यंत्र, एवढंच असतं. वन बेडरूममध्ये शेगडी, ओव्हन, मोठा फ्रिज, भांडी धुण्याचं यंत्र आणि कपडे धुवायचं-वाळवायचं यंत्र, सगळं असतं. सासूबाई बाहेरचं खात नाहीत म्हणता, तर सकाळी गरम भात-वरण आणि रात्री पिठलं झालं की त्यांची अर्धी काळजी मिटेल. कुकर तिथे मिळणार नाही, घरचा छोटा कुकर बॅगेत टाका. ऑर्लँडोत भारतीय किराणा मिळतो आणि किराणा मागवून रिसॉर्टवर पोचवूनही घेता येतो. दशम्या, चटणी, चिवडा बांधून पार्कात नेला तरी चालतो. काचेची बरणी आणि दारू सोडून घरचं खाणं आत न्यायला डिस्ने हरकत घेत नाही.

वन बेडरूममध्ये बहुतेक ठिकाणी पाच जणांची सोय असते. तुम्ही दोघं, मुलगी आणि आजी-आजोबा असे पाच होता. तीन वर्षांच्या आतलं, पाळण्यात झोपणारं बाळ त्या मोजणीत धरत नाहीत, आणि पार्कलाही त्याचं तिकीट लागत नाही. धाकटा पुढच्या ऑगस्टला जेमतेम दोन ओलांडलेला असेल. हीच सहल एक वर्ष पुढे ढकललीत तर तो तिसऱ्या वाढदिवसाच्या पार जाईल, तिकीटही लागेल आणि खोलीही मोठी घ्यावी लागेल.

कुठलं रिसॉर्ट? माझ्या मनात तुमच्यासाठी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधली किडानी व्हिलेज आहे. कारण सांगते. तिथल्या वन बेडरूमला दोन पूर्ण न्हाणीघरं आहेत. सहा माणसं, त्यातली दोन वयस्कर आणि एक डायपरवालं, सकाळी आठला बाहेर पडायचंय. अशा वेळी दुसऱ्या न्हाणीघराची किंमत कळते. साराटोगाच्या वन बेडरूमला एकच आहे. शिवाय किडानीतल्या सव्हाना बाजूच्या, म्हणजे प्राण्यांच्या गवताळ माळाकडच्या, गॅलरीतून जिराफ, झेब्रे चरताना दिसतात, तेही बसल्या जागेवरून. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी याहून चांगली जत्रा नाही. खाली सना नावाचं रेस्टॉरंट आहे, आफ्रिकी आणि भारतीय चवींचा मेळ घातलेलं. तिथे नानसारख्या रोट्या आणि वाट्या-वाट्यांतून चटण्या मिळतात. सासूबाई हॉटेलात जेवल्याच तर इथे जेवतील असं मला वाटतं. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. किडानीची इमारत वाकडी आणि फार लांबलचक आहे, कॉरिडॉर संपता संपत नाहीत. म्हणून बुकिंगमध्ये 'लॉबीजवळची खोली द्या' अशी विनंती नोंदवा. आणि तिथून कुठेही जायला बसच आहे, मोनोरेल किंवा बोट नाही. सव्हाना दिसणाऱ्या खोलीला साध्या खोलीपेक्षा जास्त पॉइंट पडतात. पाच रात्रींसाठी ते जास्तीचे पॉइंट मी तरी खुशाल खर्च करीन.

ओल्ड की वेस्टच्या खोल्या सर्वांत ऐसपैस, म्हणून त्याचंही नाव कुणीतरी सुचवेल. १९९१ साली डीव्हीसीची सुरुवातच तिथून झाली. पण तिथल्या बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही. सासूबाईंना घेऊन तिकडे नको.

तुम्ही रीसेलमध्ये, तेही तीन वर्षांपूर्वी घेतलेत. त्यामुळे रिव्हिएरा, डिस्नेलँड हॉटेलचे व्हिला आणि फोर्ट विल्डरनेसच्या केबिन तुम्हाला बंद आहेत. १९ जानेवारी २०१९ नंतरच्या रीसेल खरेदीला ही अट लागू आहे. त्याबद्दल हळहळू नका. आधीची १४ रिसॉर्ट तुम्हाला खुली आहेत, पॉलिनेशियनचा डिसेंबर २०२४ मध्ये उघडलेला नवा टॉवरसुद्धा त्यातच येतो.

आता हे सगळं तारखांवर बसवू. समजा तुम्ही २२ ऑगस्टच्या रविवारी पोचणार. ११ महिने मागे मोजले की येतो या महिन्याचा, सप्टेंबरचा, २२ तारखेचा दिवस. त्याच्या आधीच्या एखाद्या निवांत रात्री दोघं बसा आणि यंदाच्या १६० पैकी लागतील तेवढे पॉइंट पुढच्या यूज इयरमध्ये बँक करा. आधी बँक, मग बुकिंग, हा क्रम मोडू नका. पुढच्या ऑगस्टची सहल पुढच्या यूज इयरमध्ये पडते, यंदाचे पॉइंट बँक केल्याशिवाय तिला वापरता येणार नाहीत. यंदाचे आणि पुढचे मिळून ३२० हाताशी येतात. पाच रात्रींच्या वन बेडरूमला ते पुरून वर उरावेत, तरी तक्त्यावर बेरीज करून बघा.

२२ सप्टेंबरला सकाळी आठला, न्यू जर्सीच्याच घड्याळाने, बुकिंग उघडेल. त्या दिवशी साराटोगाची वन बेडरूम पाचही रात्रींसाठी घेऊन टाका. चेक-इनच्या तारखेपासून सात रात्रींपर्यंत एकदम बुक करता येतं, रोज सकाळी उठून एकेक रात्र जोडत बसावं लागत नाही. साराटोगात स्प्रिंग्ज आणि काँग्रेस पार्क या भागांना 'प्रिफर्ड' म्हणतात, त्याला थोडे जास्त पॉइंट पडतात. स्प्रिंग्जमधून मुख्य इमारत जवळ, काँग्रेस पार्कमधून डिस्ने स्प्रिंग्जची दुकानं चालत गाठता येतात. आजीच्या गुडघ्यांसाठी प्रिफर्डच घ्या. हे झालं तुमचं पक्कं घर. आता काहीही झालं तरी ऑगस्टमध्ये डोक्यावर छप्पर आहे.

मग २२ जानेवारी. सात महिन्यांचं दार उघडतं. त्या सकाळी पुन्हा आठला बसा आणि किडानी शोधा. मिळाली तर साराटोगा सोडून ती घ्या. नाही मिळाली तर वेटलिस्ट लावा, साराटोगाचं बुकिंग हातात ठेवूनच. वेटलिस्ट लागली की जुनं बुकिंग आपोआप बदललं जावं अशी सोय आहे, ती वापरा. अकराव्या महिन्यात घर बांधून ठेवायचं आणि सातव्या महिन्यात हवं ते शोधायचं, ही डीव्हीसीवाल्यांची जुनी चाल आहे आणि ती चालते. लोक एक भलतीही चाल खेळतात. हव्या तारखेच्या कितीतरी आधीची तारीख घ्यायची आणि रोज एक दिवस पुढे सरकवत न्यायची. तसं तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याला नको असलेल्या रात्री अडवून ठेवल्या की दुसऱ्या कुणाच्या तरी घरी तुमच्यासारखंच पत्र लिहायची वेळ येते.

२२ जानेवारीच्या पुढे नऊ दिवसांनी तुमची बँकेची मुदत संपते, तर त्याच बैठकीत उरलेल्या पॉइंटचाही हिशेब करून टाका.

पॉइंटमध्ये पार्कची तिकिटं येत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेलच. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या पुढेच असतं. म्हणून सगळ्यांची सगळ्या दिवसांची तिकिटं काढू नका. मुलीला आणि तुम्हाला चार दिवस घ्या, आजी-आजोबांना दोन. त्यांचा एक दिवस मॅजिक किंगडमचा. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'सारख्या बोटीत त्यांना नातवाला मांडीवर घेऊन बसता येईल. दुसरा दिवस एपकॉटचा, आणि तो सासऱ्यांसाठी. तिथे 'लिव्हिंग विथ द लँड' नावाची बोट थेट हरितगृहांतून जाते. मातीशिवाय पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, दोरांवर चढवलेले वेल, प्रयोगासाठी लावलेली झाडं, सगळं हातभर अंतरावरून दिसतं. ज्यांची हयात मांडवाखालच्या वेली राखण्यात गेली, ते तिथे नातीला दोन गोष्टी समजावून सांगतील, आणि आठ वर्षांच्या मुलीला तिचे आजोबा या विषयातले जाणकार आहेत हे कळेल. एकदा उतरून परत बसा म्हणाले तर खुशाल परत बसवा. तिथे रांग सहसा फार नसते.

व्हीलचेअरला सासूबाई आधी नको म्हणतील. पार्कच्या दाराशी भाड्याने मिळते, पण आधी राखून ठेवता येत नाही, जो आधी येईल त्याला. त्यामुळे सकाळी लवकर पोचा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, त्याचा उपयोग पहिली व्हीलचेअर आणि पहिली राइड या दोन्हींसाठी होतो. एपकॉटसारख्या पार्कात दिवसभरात मैलच्या मैल चालणं होतं, हे त्यांना घरीच सांगा. दारात उभं राहून समजूत घालत बसू नका.

मुलीची उंची घरी मोजून घ्या. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४. आठव्या वर्षी दोन्ही जमायला हरकत नाही. धाकट्याला घेऊन तुमच्यापैकी एकाला बाहेर थांबावं लागेल, तिथे 'रायडर स्विच' मागा. पहिला येऊन बाळ घेतो, दुसरा पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो, आणि बहुतेक वेळा मुलीला दोनदा बसायला मिळतं. रांग टाळायची लाइटनिंग लेन विकत घ्यायची असेल तर डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी, सकाळी सातला निवडता येते. बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. आणखी एक सवलत डीव्हीसी व्हिलांना आहे, ती बरेच जण विसरतात. ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावर दोन तास जास्तीचे मिळतात. त्या रात्री धाकटा आजी-आजोबांजवळ खोलीवर झोपू द्या आणि तुम्ही दोघं मुलीला घेऊन जा. भाऊ झाल्यापासून तिच्या एकटीच्या वाट्याला तुम्ही दोघं कितीदा आला असाल?

आता नवऱ्याचं म्हणणं. ते चुकीचं नाही. ड्यूज पॉइंटमागे वर्षाला साधारण आठ-दहा डॉलर धरले तर १६० पॉइंटचे तेराशे ते सोळाशे डॉलर होतात, आणि ते दरवर्षी थोडे वाढतातच. वापर नसेल तर ते पाण्यात. पण दरवर्षी जायलाच हवं असंही नाही. एक वर्ष पॉइंट बँक करायचे, दुसऱ्या वर्षी मोठी सहल करायची, हा तुमच्या घराला बसणारा ताल आहे. एखाद्या वर्षी बँक करणंही सोयीचं नसेल तर पॉइंट भाड्याने द्या. पॉइंट भाड्याने लावणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत, त्यांचं कमिशन जाऊन मालकाच्या हातात साधारण पंधरा ते वीस डॉलर पॉइंटमागे येतात. म्हणजे त्या वर्षीचे ड्यूज निघून वर थोडे उरतात. मराठी मंडळातल्या ओळखीच्या कुटुंबाला द्यायचे असतील तरी कागदावर लिहून द्या-घ्या. बुकिंग त्यांच्या नावाने होईल, पण बदल आणि रद्द करणं तुमच्याच हातून होणार. त्यांच्या मुलालाही ताप येऊ शकतो, मग पैसे कुणाचे गेले यावरून मैत्री जाते. हे उत्पन्न करपात्र आहे, टॅक्स भरताना दाखवा. आणि याचा धंदा करू नका, नियमांत ते बसत नाही.

तिथे गेल्यावर विक्रीच्या टेबलावर कुणीतरी गोड बोलून आणखी पॉइंट घ्यायला सांगेल. रीसेलवाल्यांना न मिळणाऱ्या सवलती पुढे केल्या जातील. ही सहल एकदा करून बघेपर्यंत काही घेऊ नका. भरीला पडून सही झालीच तर फ्लोरिडाच्या कायद्याने १० दिवसांच्या आत ती रद्द करता येते, पण ते लेखी कळवावं लागतं.

पुढच्या ऑगस्टनंतर दोघं पुन्हा बसा. प्रश्न एकच विचारा. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या तारखा आपण ११ महिने आधी ठरवू शकतो का? नोकऱ्या बदलतायत, भारतात जायचंय, मुलीचे उन्हाळी वर्ग सुरू होतायत, म्हणून उत्तर नाही असं आलं तर विका, आणि मनाला लावून घेऊ नका. साराटोगाचा करार २०५४ च्या जानेवारीपर्यंत आहे, त्यामुळे घेणारा मिळेल. विकताना जून उजाडू द्या. नवे पॉइंट जमा झालेला करार चांगल्या भावाला जातो, पुढचे बॉरो करून रिकामा केलेला पडेल भावाने जातो. तुमचा सौदा ठरल्यावर त्याच किमतीला तो स्वतः घ्यायचा पहिला हक्क डिस्नेला असतो, त्यांचं उत्तर यायला साधारण महिनाभर धरा. कमिशन विक्री झाल्यावरच द्यायचं, सौद्यातून कापून. त्याआधी कुणी 'नोंदणी फी' मागितली तर दुसरा दलाल बघा.